तारलीचं तेल तारली बनवत नाही

"डॉक्टर, ओमेगा-३ च्या कॅप्सूल चालू करू का?" हा प्रश्न मला आठवड्यातून तीन-चार वेळा तरी ऐकू येतो. विचारणाऱ्यांत सगळे असतात. नुकताच कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट हातात पडलेला चाळिशीचा माणूस असतो, गुडघे दुखणाऱ्या आजी असतात, पहिल्यांदा गरोदर राहिलेली मुलगी असते, आणि "आम्ही शाकाहारी, आमचं काय?" असं विचारणाऱ्या शिक्षिकाही असतात. ओपीडीत बाहेर रांग असल्यामुळे मी दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळा होतो. आज जरा सविस्तर लिहितो. या उत्तराची सुरुवात औषधाच्या दुकानात नाही आणि मासळी बाजारातही नाही. ती समुद्राच्या पाण्यात, डोळ्यांना न दिसणाऱ्या एका पेशीत आहे.

आधी तीन नावांची ओळख करून घेऊ, कारण पुढे ती सारखी येणार आहेत. ओमेगा-३ हे एका स्निग्धाम्लाचं नाव नाही, ते एका कुटुंबाचं आडनाव आहे. त्यातला धाकटा एएलए. त्याची साखळी १८ कार्बनची, आणि तो जवसात, अक्रोडात, सोयाबीन आणि मोहरीच्या तेलात असतो. मधला ईपीए, २० कार्बनचा. थोरला डीएचए, २२ कार्बनचा. आपला मेंदू आणि डोळ्याचा पडदा यांच्या पेशींच्या आवरणात हा थोरला भरपूर असतो. मासळीचं जे कौतुक होतं ते या मधल्या आणि थोरल्या भावांमुळे.

पूर्णगडचे तांडेल

माझं आजोळ पूर्णगडचं. मुचकुंदी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे टेकडीवर छोटा किल्ला आहे आणि त्याच्या उतारावर गाव. महिन्यातून एका रविवारी मी तिथे जातो. मामाच्या ओटीवर बसतो, आणि चहा येईपर्यंत चार-पाच माणसं रिपोर्टच्या पिशव्या घेऊन आलेली असतात.

मागच्या हिवाळ्यात असेच एक तांडेल आले. वय ५८. उभं आयुष्य मिरकरवाड्याच्या बोटींवर गेलेलं. तीन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन अँजिओप्लास्टी झालेली. मी रिपोर्ट पाहिला. ट्रायग्लिसराइड ३४०, आणि अँजिओप्लास्टीनंतर खाली आणलेलं वाईट कोलेस्टेरॉल पुन्हा १२८ वर.

"तांडेल, गोळ्या चालू आहेत ना?"

ते काही बोलले नाहीत. त्यांच्या बायकोनेच सांगितलं. "चार महिने झाले, कोलेस्टेरॉलची गोळी ह्यांनी बंद केली. त्या गोळीने लिवर खराब होतं, असं कोणीतरी मोबाईलवर पाठवलं होतं. आता हे घेतात." तिने पिशवीतून फिश ऑइलची डबी काढून माझ्यासमोर ठेवली. महिन्याला सातशे रुपये.

तांडेल म्हणाले, "डॉक्टर, हे माशाचंच तेल. नैसर्गिक. त्यात वाईट काय?"

मी विचारलं, "घरात तारली येते?"

बायको हसली. "तारली आम्ही विकतो. पोरं खात नाहीत, काटे फार म्हणतात. घरात ब्रॉयलर कोंबडी. आणि ह्यांचं चहासोबत खारी, टोस्ट, दिवसातून पाच वेळा. चहात साखर दोन-दोन चमचे."

म्हणजे ज्या घरातून तारलीची टोपली बाजारात जात होती, त्याच घरात माशाच्या तेलाची डबी विकत येत होती. आणि जिवावरची गोळी बंद होती. मला जास्त काळजी त्या गोळीची होती, पण तांडेल कसे आहेत हे मला माहीत आहे. "घ्या" म्हटल्याने ते घेणार नाहीत. त्यांना आधी पटावं लागतं. म्हणून मी त्यांनाच विचारलं, "तारलीला तेल कधी सुटतं?"

त्यांचा चेहरा एकदम खुलला. "पावसाळा संपला की. दिवाळीच्या आसपासची तारली तव्यावर टाकली की वेगळं तेल नको. शिमग्यानंतर तीच तारली कोरडी."

"मासा तोच, समुद्र तोच. मग तेल कुठून येतं आणि कुठे जातं?"

तांडेलांनी क्षणभर विचार केला. "खाण्यातून," ते म्हणाले.

बरोबर तेच.

समुद्रातलं पहिलं स्वयंपाकघर

समुद्रातले मासे ईपीए आणि डीएचए स्वतः फारसे बनवत नाहीत. ते खातात आणि साठवतात. आपल्या तारलीवर मद्रास मत्स्य खात्यातल्या जेम्स हॉर्नेल आणि रामस्वामी नायडू यांनी १९२० च्या दशकात मलबार किनाऱ्यावर अभ्यास केला. तारलीच्या पोटात काय सापडतं हे त्यांनी आणि त्यांच्यानंतरच्या शास्त्रज्ञांनी पाहिलं. त्यात मुख्यतः डायटम नावाच्या एकपेशीय वनस्पती आणि तरंगणारे बारीक जीव होते.

डायटम म्हणजे काचेच्या डबीत राहणारी एक पेशी. तिला तोंड नाही, पोट नाही. तिचं खाणं म्हणजे ऊन, पाण्यात विरघळलेला नायट्रेट, फॉस्फेट आणि काचेची डबी बांधायला लागणारी सिलिका. पावसाळ्यात नद्या डोंगरातली खतं समुद्रात आणतात. केरळ-कर्नाटकाच्या बाजूला तर खोल समुद्रातलं थंड, सकस पाणी वर येतं. मग डायटमचं पीक येतं. तारलीच्या थव्यांना जेवण मिळतं आणि पावसाळ्यानंतर त्यांच्या अंगावर चरबी चढते. या चरबीचं प्रमाण ऋतूप्रमाणे काही टक्क्यांपासून पंधरा टक्क्यांच्याही वर जाऊ शकतं. तांडेलांचा तवा हेच सांगत होता.

गंमत अशी की डायटमच्या चरबीचा प्रकारही त्याच्या जेवणावर ठरतो. खतं भरपूर असतील तेव्हा पेशी वाढते, विभागते, आणि तिच्या आवरणांत ईपीए चांगलं असतं. नायट्रोजन संपला की वाढ थांबते. ऊन मात्र चालूच असतं. मग ती पेशी जादा ऊर्जेचे तेलाचे थेंब करून ठेवते, आणि हे साठ्याचं तेल बहुतेक वेळा साधंच असतं. एकूण चरबी वाढते, पण त्यातला ईपीएचा वाटा घटतो. माझ्या मधुमेही रुग्णांना हे ओळखीचं वाटेल. ऊर्जा भरपूर, वाढ बंद, मग पोटावर साठा!

डायटमचे शेजारी म्हणजे डायनोफ्लॅजेलेट. त्यांच्या चरबीत साधारणपणे डीएचए जास्त, तर डायटमच्या चरबीत ईपीए जास्त. माशाच्या चरबीतलं या दोघांचं प्रमाण पाहून त्याच्या अन्नसाखळीत डायटम जास्त होते की डायनोफ्लॅजेलेट, याचा अंदाज शास्त्रज्ञ बांधतात. माणूस काय जेवला हे त्याच्या रक्तावरून ओळखावं, तसंच हे.

एक पेशी दुसरीला खाते तेव्हा

सगळे एकपेशीय जीव उन्हावर जगत नाहीत. काही शिकारी असतात. हिवाळ्यात रत्नागिरीच्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या-हिरव्या चमकतात, त्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ती चमक नॉक्टिलुका नावाच्या एका पेशीची असते. ती डायनोफ्लॅजेलेटच्याच कुळातली, आणि डायटम, माशांची अंडी, जे मिळेल ते गिळते. आता प्रश्न असा, की अशा खादाड पेशीची चरबी तिच्या जेवणासारखी होते, की ती स्वतः काही वेगळं शिजवते?

याचं एक सुंदर उत्तर नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९९ साली दिलं. त्यांनी ड्युनालिएला नावाचं शेवाळ घेतलं. याचे भाऊबंद मिठागरात असतात, तिथलं पाणी कधी लालसर दिसतं ते बरंचसं यांच्यामुळे. या शेवाळात धाकटा एएलए असतो, पण ईपीए आणि डीएचए नसतात. ते कोपेपॉड नावाच्या बारीक प्राण्यांना थेट खायला घातलं, तर त्यांची पिल्लं नीट वाढेनात. मग तेच शेवाळ आधी ऑक्सिऱ्हिस नावाच्या शिकारी डायनोफ्लॅजेलेटला खाऊ घातलं, आणि ते ऑक्सिऱ्हिस कोपेपॉडना दिलं. पिल्लं वाढू लागली! निकस शेवाळ खाल्लेल्या ऑक्सिऱ्हिसच्या अंगात ईपीए आणि डीएचए सापडले. त्याशिवाय वाढीला लागणारे स्टेरॉलही सुधारले असावेत, असं संशोधकांचं म्हणणं होतं.

२००४ साली त्यांनी असाच प्रश्न दुसऱ्या एका शिकाऱ्याला विचारला. हा सिलिएट, अंगभर बारीक केस असलेला एकपेशीय जीव. त्याच्या बाबतीत अशी सुधारणा दिसली नाही. निकस खाल्लं तर तोही निकसच राहिला.

दोघेही एकाच पेशीचे आणि दोघेही शिकारी. पण एक आचारी आहे आणि दुसरा फक्त वाढपी. आचाऱ्याला साधा शिधा दिला तरी तो पक्वान्न करतो. वाढप्याच्या हातात जे येतं तेच तो पुढे वाढतो.

एक तिसराही आहे, आणि तो आपल्या खाडीच्या जवळचा. खारफुटीची पानं चिखलात पडून कुजतात, तिथे थ्राउस्टोकायट्रिड नावाचे एकपेशीय जीव वस्ती करतात. गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत डॉ. शेषगिरी रघुकुमार यांनी यांच्यावर अनेक वर्षं काम केलं. या जीवांना टाकीत साधी ग्लुकोज साखर खाऊ घातली, तरी ते त्यापासून डीएचए बनवतात. बाजारात शाकाहारी म्हणून मिळणारं शेवाळी डीएचए तेल बरंचसं अशाच जीवांपासून येतं. क्रिप्थेकोडिनियम नावाच्या एका डायनोफ्लॅजेलेटपासून काढलेलं डीएचए तर बाळांच्या डब्याच्या दुधात घालतात. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २००१ साली त्याला वाट मोकळी करून दिली.

मग आपण कोण? आचारी की वाढपी?

ओटीवर हे सगळं इतकं सांगितलं नाही, पण आचारी आणि वाढप्याची गोष्ट सांगितली. तांडेलांनी विचारलं, "मग माणूस त्यातला कोण?"

माणूस बराचसा वाढपी आहे. आपलं यकृत एएलएची साखळी लांबवून थोडं ईपीए बनवतं, पण फारच थोडं. डीएचए त्याहूनही कमी. स्त्रियांमध्ये हे रूपांतर पुरुषांपेक्षा जरा बरं होतं. मुळातला एएलए तर आपण शून्यातून बनवूच शकत नाही, तो खावाच लागतो.

आणि साखर? खारफुटीतला तो जीव साखर खाऊन डीएचए बनवतो. आपण जास्तीची साखर खाल्ली की आपलं यकृत त्याची साधी, घट्ट चरबी बनवून ट्रायग्लिसराइडच्या रूपात रक्तात सोडतं. दिवसाला पाच चहा, दहा चमचे साखर आणि मैद्याची खारी. तांडेलांच्या ३४० चा मोठा वाटा तिथे होता. कच्चा माल तोच, कारखाना वेगळा.

आपल्या शरीरातही खाण्याची नोंद राहते. मधुमेहींना तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीएवनसी चाचणी माहीत असते. लाल रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तिच्यावर साखरेचा हिशेब राहतो, त्यावर ती चाचणी उभी आहे. त्याच लाल पेशीच्या आवरणात गेल्या तीन-चार महिन्यांत खाल्लेल्या स्निग्धाम्लांचाही हिशेब असतो. २००४ साली विल्यम हॅरिस आणि क्लेमेन्स फॉन शाकी यांनी यावरून 'ओमेगा-३ इंडेक्स' मांडला. पोटाच्या चरबीत तर त्याहून जुनी नोंद असते. डायटमची चरबी पाहून पाण्याचा ऋतू कळतो, तशी माणसाची चरबी पाहून त्याच्या घरातलं ताट कळतं.

म्हणूनच तळ्यातल्या, कोंडा-पेंडीवर वाढलेल्या रोहू-कटल्यात समुद्री तेलकट माशांइतकं ईपीए-डीएचए सहसा नसतं. जवस खाऊ घातलेल्या कोंबडीच्या अंड्यात मात्र ओमेगा-३ वाढतं. कोंबडी असो, मासा असो की माणूस, चरबीत खाण्याचाच हिशेब उतरतो.

कॅप्सूलचं काय?

आता मूळ प्रश्न. मोठ्या चाचण्यांत काय दिसलं ते थोडक्यात सांगतो.

२०१८ च्या 'असेंड' चाचणीत १५,४८० मधुमेही होते, आणि २०१९ च्या 'व्हायटल' चाचणीत २५,८७१ निरोगी प्रौढ. दोन्हींत रोज एक ग्रॅमची कॅप्सूल दिली. हृदयविकार, पक्षाघात अशा मोठ्या घटना एकूणात लक्षणीय कमी झाल्या नाहीत. व्हायटलमध्ये मासे फार कमी खाणाऱ्यांना थोडा फायदा झाल्याचं वेगळ्या विश्लेषणात दिसलं.

'रिड्यूस-इट' या २०१९ च्या चाचणीत ट्रायग्लिसराइड जास्त असलेल्या ८,१७९ रुग्णांना स्टॅटिनसोबत शुद्ध ईपीए रोज ४ ग्रॅम दिलं. त्यांच्यात हृदयाच्या घटना सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाल्या. पण २०२० च्या 'स्ट्रेंग्थ' चाचणीत ईपीए-डीएचए एकत्र ४ ग्रॅम देऊनही फायदा दिसला नाही. या दोन्ही मोठ्या डोसांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा त्रास वाढलेला आढळला.

आता आपल्या डबीकडे पाहा. साध्या १००० मिलिग्रॅमच्या फिश ऑइल कॅप्सूलमध्ये बहुधा १८० मिलिग्रॅम ईपीए आणि १२० मिलिग्रॅम डीएचए असतं, म्हणजे मिळून ३००. बाकीचं सगळं इतर तेल. चार ग्रॅम गाठायला अशा १४ कॅप्सूल लागतील. तेलकट हंगामातल्या १०० ग्रॅम तारलीत मात्र ईपीए-डीएचए मिळून एक ग्रॅमच्या आसपास किंवा जास्तच भरतं. तीन-चार कॅप्सूल एका ताटात, आणि सोबत प्रथिनं, बी-१२ आणि ड जीवनसत्त्वही.

तांडेलांना मी एवढंच म्हटलं, "तुमच्या रक्तवाहिनीत जाळी बसवली आहे. ती उघडी राहावी म्हणून जी गोळी आहे, तिचं काम ही डबी करत नाही. लिवरची भीती असेल तर उद्या रत्नागिरीत तपासणी करू, रिपोर्ट तुमच्या हातात देतो." तपासणी झाली, लिवर ठीक निघालं. गोळी पुन्हा सुरू झाली. चहा दोनावर आला, त्यातही अर्धा चमचा साखर. बायकोने आठवड्यातून दोनदा तारली घरात ठेवायला सुरुवात केली, सुरी चालवून काटे बारीक करून. तीन महिन्यांनी ट्रायग्लिसराइड १९० झाले, वाईट कोलेस्टेरॉल ६६. हे तारलीने झालं असं मी म्हणणार नाही. गोळी, कमी झालेली साखर आणि ताट, तिघांनी मिळून केलं.

माझ्या रुग्णांना मी काय सांगतो

१. मासे खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा तेलकट मासा खावा. तारली, बांगडा, पेडवे स्वस्त आहेत आणि महागड्या पापलेटपेक्षा या बाबतीत कमी नाहीत.

२. कालवण, तिखलं किंवा तव्यावर थोड्या तेलात करा. कढईत बुडवून तळलेल्या माशात तळणीचं तेल शिरतं आणि जेवण बिघडतं.

३. पावसाळ्यातल्या सुक्या मासळीत मीठ फार असतं. ब्लड प्रेशर, हृदय किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी ती चवीपुरतीच खावी.

४. शाकाहारी असाल तर रोज एक मोठा चमचा भाजून कुटलेला जवस घ्या. त्यातून सुमारे दीड ग्रॅम एएलए मिळतं, दिवसाची गरज साधारण भागते. जवसाची चटणी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. अख्खा जवस मात्र बराचसा न पचता निघून जातो.

५. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना डीएचएची गरज जास्त असते. त्यांनी लहान मासे चांगले शिजवून खावेत. मुशीसारखे मोठे शिकारी मासे टाळावेत, कारण त्यांच्यात पारा साठतो. मासे खात नसाल तर शेवाळी डीएचएबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा.

६. युरिक ॲसिड वाढून सांधे सुजत असतील तर तारली-बांगड्याचं प्रमाण डॉक्टरांशी बोलून ठरवा. रक्त पातळ करणारी औषधं घेत असाल किंवा हृदयाचे ठोके अनियमित असतील, तर कॅप्सूल स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

७. ट्रायग्लिसराइड जास्त असतील तर आधी साखर, मैदा आणि दारू कमी करा. हे न करता घेतलेली कॅप्सूल म्हणजे गळक्या बोटीतून वाटीने पाणी उपसणं.

८. स्टॅटिन, रक्त पातळ करणारी गोळी, ब्लड प्रेशरचं औषध यांपैकी काहीही "नैसर्गिक" तेलासाठी बंद करू नका. शंका असेल तर विचारा. विचारण्याची फी मी घेत नाही.

समुद्रातला साधा सिलिएटसुद्धा निकस खाऊन सकस होत नाही. एवढ्या मोठ्या शरीराचा माणूसही या एका बाबतीत त्याच्याच पंगतीत बसतो. म्हणून पुढच्या वेळी "कॅप्सूल घेऊ का?" असं विचारायला याल, तेव्हा गेल्या आठवड्यात घरात काय काय शिजलं ते एका कागदावर लिहून आणा. उत्तर बहुतेक त्या कागदावरच सापडेल.